देव्हाऱ्यातील घोडेस्वार

बिदर व कलबुर्गी या सीमाभागातील अनेक मराठी-कानडी घरांच्या देव्हाऱ्यात चार बोटे उंचीचा पितळी घोडेस्वार पूजेस असतो. कोणी त्यास खंडोबा म्हणतात, कोणी मैलार, कोणी मल्लण्णा. भालकी तालुक्यातील खानापूरचे मैलार हे त्याचे इकडील जुने ठाणे. असे स्वार आता देव्हाऱ्यातून बाजारातही जातात आणि विकणारा त्यांस बेधडक ‘बहामनी’ ठरवितो. तेव्हा त्यांची पारख भक्तांस असणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हा मुलूख घोड्यांचा खरा. इ. स. १४७०च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी स्वतःचा घोडा विकावयास बिदरला आला होता. बिदरपासून बारा कोसांवरील एका वार्षिक जत्रेत वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत, असे तो लिहितो. ते स्थळ म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद, असे अभ्यासक मानतात. परंतु तेवढ्यावरून आपला स्वार बहामनी ठरत नाही. आज आढळणाऱ्या बहुतेक मूर्ती सतराव्या ते एकोणिसाव्या शतकांतील आहेत. डोईस मराठेशाही थाटाची पगडी असल्यास बहामनींचे नाव घेणे व्यर्थ होय.

यानंतर ओतीव काम पाहावे. कल्याणीचा, म्हणजे आजच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लासा’त मेणाची मूर्ती घडवून, तीवर माती लिंपून, मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची रीत सांगितली आहे. यात साचा दर वेळी फोडावा लागतो. म्हणून अशा दोन मूर्ती तंतोतंत सारख्या निघत नाहीत. घोड्याच्या पोटाखालून सरळ सांध्याची रेघ गेली असेल, तर ती दोन फाळ्यांच्या साच्यातील नक्कल समजावी. झीजही बोलते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्नानाने स्वाराचे नाक, गुडघे, घोड्याचे कान गुळगुळीत होतात, पण खोगिराखालची रेघ, रिकीब व लगाम यांच्या खाचा शाबूत राहतात. सर्वत्र सारखी झीज दिसली, की ती कानसेची करामत!

पाश्चात्त्य देशांत पटावर लढाई मांडून खेळण्यासाठी धातूचे चिमुकले स्वार ओततात. तेथे घोडा व माणूस यांचे प्रमाण काटेकोर पाहतात. ती फूटपट्टी येथे लावू नये. आपला देव घोड्याहून थोर, म्हणून तो मोठा. मागे म्हाळसा, पायाशी कुत्रा, टापांखाली दैत्य. (गोमंतकीय वाचकांस म्हार्दोळची म्हाळसा आठवेल, पण ती विष्णूचे मोहिनीरूप, ही खंडेरायाची सहचारिणी.)

खरे भय आम्हांस विकणाऱ्याहून चिंच-राखेचे व मोडीचे वाटते. नाक-डोळे पुसले, की मूर्ती मोडीत घालून नवी घडवावी, अशी घरोघर रीत आहे. ती शास्त्राला धरून असेलही. पण त्या धातूबरोबर खोगीर, रिकीब, पगडी हे सारे वितळून जाते. मूर्ती ओताऱ्याकडे देण्यापूर्वी निदान चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावी, वजन लिहावे आणि ती कोणत्या गावाहून कोणत्या पिढीत आली, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून टिपून ठेवावे.