हौशी जादूगाराचा पहिला धडा

जादूचे खेळ हौसेखातर शिकू पाहणाऱ्याने आरंभी काय मिळवावे, असे विचारले तर बहुतेक लोक उत्तर देतील, 'गुपित'. गारुडी आपली विद्या मुलाला देतो, परक्याला देत नाही. तेव्हा बाहेरच्या माणसाने ती मिळवावी कशी, हा प्रश्न स्वाभाविकच आहे. युरोपात या प्रश्नाचे उत्तर छापील पुस्तकांनी दिले. इंग्लंड व फ्रान्स येथील अशा पुस्तकांचा इतिहास आम्हांस मोठा उद्बोधक वाटतो. कारण त्यातील पहिले मोठे पाऊल करमणुकीसाठी नव्हे, तर माणसांचे जीव वाचविण्यासाठी पडलेले आहे.

सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये चेटकाच्या आरोपावरून माणसे फासावर जात; त्यांत म्हाताऱ्या, निराधार स्त्रियांचा भरणा मोठा असे. केंट परगण्यातील रेजिनाल्ड स्कॉट या गृहस्थास हे साहवले नाही. १५८४ साली त्याने 'द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध करून चेटकाविषयीच्या समजुतींचे खंडन केले. त्याच ग्रंथात त्याने गोळ्या, नाणी, पत्ते आणि सुऱ्या यांचे खेळ कसे करतात, हेही फोड करून सांगितले. दंडातून आरपार गेलेली दिसणारी सुरी मुळात मधोमध खाच ठेवून घडविलेली असते, हे त्याने चित्र काढून दाखविले. त्याचा मुद्दा सरळ होता. जे जत्रेतला खेळ्या चार पैशांसाठी करून दाखवितो, ते पाहून कोणी सैतानाची साक्ष काढू नये. मात्र ज्या गरीब लोकांचे पोट या खेळांवर चालते, त्यांचे आपल्या हातून नुकसान होत आहे, याची खंतही त्याने नमूद केली आहे. न्यायबुद्धी आणि भूतदया यांचा असा मेळ विरळाच.

स्कॉटची ही खंत सुदैवाने निराधार ठरली. गुपिते छापली गेली म्हणून खेळ बंद पडले नाहीत. उलट शिकणाऱ्यांचा एक नवा वर्ग निर्माण झाला. १६३४ मध्ये 'होकस पोकस ज्युनिअर' हे केवळ हातचलाखी शिकविणारे सचित्र पुस्तक लंडनमध्ये निघाले. त्यात स्कॉटच्या ग्रंथातील मजकुराचा आधार घेतलेला आहे. चेटकाविरुद्ध लिहिलेली पाने पन्नास वर्षांत हौशी विद्यार्थ्याची क्रमिक पाने झाली!

परंतु पुस्तक हाती आले म्हणजे विद्या हाती आली असे नव्हे. फ्रान्समधील ब्ल्वा गावचा घड्याळजी रॉबेअर-उदँ (१८०५–१८७१) याची कथा येथे आठवते. आपल्या आठवणींत तो सांगतो की, घड्याळांवरचा ग्रंथ मागितला असता विक्रेत्याने चुकून त्याला मनोरंजक प्रयोगांचे पुस्तक दिले. त्या पुस्तकात युक्ती होती, पण ती बोटांत कशी आणावी ते नव्हते. तेव्हा त्याने गावातील पायाची कुरुपे काढणाऱ्या एका माणसाला पैसे देऊन हातावर चेंडू खेळविण्याचे धडे घेतले. चार चेंडू हवेत ठेवून समोरचे पुस्तक वाचता येईपर्यंत त्याने सराव केला. पुढे खिशात हात असतानाही त्याची बोटे नाणी फिरवीत असत. १८४५ साली पॅरिसमध्ये त्याने स्वतःचे नाट्यगृह उघडले, तेव्हा मांत्रिकाचा झगा टाकून तो सभ्य गृहस्थाच्या साध्या पोशाखात रंगमंचावर उभा राहिला. आपण मंत्र जाणत नाही, मेहनत जाणतो, हेच त्या पोशाखाने सांगितले.

हा धडा सामान्य वाचकाच्या घरी पोहोचविला तो प्रोफेसर हॉफमन याने. हे टोपणनाव होते. खरा माणूस अँजेलो जॉन लुइस नावाचा बॅरिस्टर. त्याची लेखमाला प्रथम मुलांच्या मासिकातून आली आणि १८७६ मध्ये 'मॉडर्न मॅजिक' या नावाने ग्रंथरूप झाली. पुढे काय होणार हे प्रेक्षकांस आधी सांगू नये, एकच खेळ त्याच बैठकीत पुन्हा करू नये, हे त्याने घालून दिलेले नियम आजही नवशिक्यास प्रथम सांगितले जातात. दोहोंचे मर्म एकच. जादू वस्तूत नसून पाहणाऱ्याच्या अवधानात असते.

आपल्याकडे हे मर्म पूर्वीच ओळखले गेले होते. ढाल-तलवार घेऊन दोरीवरून आकाशात चढणारा मायावी वेगळा, आणि खाली जमिनीवर उभा असलेला खरा मायावी वेगळा, असा दृष्टान्त शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात दिला आहे. प्रेक्षक वर पाहतो. शिकणाऱ्याने जमिनीवरच्या माणसाकडे पाहावयाचे असते. स्कॉटने इंग्लंडला हेच पाहावयास सांगितले होते. आपल्या काळात बी. प्रेमानंद यांनी हेच कार्य दक्षिणेत केले, आणि महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापिलेल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने. हवेतून अंगारा काढणे, पेटता कापूर जिभेवर घेणे, असे 'चमत्कार' समितीचे कार्यकर्ते भर सभेत करून दाखवीत आणि लगेच त्यांतील युक्ती सांगत. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. फसवणूक उघड करणे हा धोक्याचा उद्योग आहे, हे स्कॉटच्या काळाइतकेच आजही खरे आहे.

म्हणूनच आरशासमोर बसून एखादे नाणे तळहातात लपविण्याचा सराव करणाऱ्या मुलास कोणी रिकामटेकडा म्हणू नये, असे आम्हांस वाटते. त्याचे बोट शंभर वेळा चुकेल, नाणे खाली पडेल. एकशेएकाव्या वेळी ते साधेल, तेव्हा डोळे किती सहज फसतात याचा अनुभव त्याने स्वतःच्या डोळ्यांवर घेतलेला असेल. फसविण्याची ही प्रामाणिक कला ज्याला अवगत झाली, तो अप्रामाणिक जादूगाराच्या दारी नवस घेऊन सहसा जात नाही.