वसईच्या पाण्यात फिरलेली सुई

१/
डिसेंबर १५३८. गोव्याहून दीवकडे निघालेला पोर्तुगीज ताफा वसईच्या परिसरात पोहोचला होता. हा किनारा पोर्तुगिजांच्या परिचयाचा होता. वसई तर चार वर्षांपूर्वीच, १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाकडून त्यांना मिळाली होती. अशा ओळखीच्या पाण्यात होकायंत्र काढून बसण्याचे कारण काय? तरीही ताफ्यातील एक अधिकारी चिकाटीने सुईचा कल मोजत होता. त्याला जे आढळले त्याचे कारण सह्याद्रीच्या काळ्या कातळात दडलेले होते. पुण्याची पर्वती आणि सिंहगडही त्याच कातळाचे आहेत.

२/
होकायंत्र म्हटले की अथांग, अज्ञात समुद्र आणि नव्या खंडांचा शोध डोळ्यांसमोर येतो. मात्र या साधनाचे सर्वांत जुने उल्लेख वेगळी गोष्ट सांगतात. सुमारे १११९ मध्ये चू यू या चिनी लेखकाने नाविकांची पद्धत नोंदवली आहे. रात्री तारे पाहावेत, दिवसा सूर्य पाहावा आणि आभाळ काळोखून आले की दक्षिण दाखवणारी सुई पाहावी, असा तो क्रम होता. म्हणजे सुईचा मान तिसरा होता.

३/
युरोपातील नोंदही अशीच आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांडर नेकम या इंग्रज विद्वानाने लिहिले, ते ढगाळ हवेत आणि अंधाऱ्या रात्री सुई वापरणाऱ्या नाविकांविषयी. अरबी लेखक बैलक अल्-किब्जाकी याने १२४२ मध्ये भूमध्य समुद्रात पाण्यावर तरंगणारी सुई पाहिली होती. तो प्रवास त्रिपोली ते अलेक्झांड्रिया असा होता आणि तो मार्ग नित्याच्या वर्दळीचा होता. जुन्या नाविकांनी सुई जवळ केली, ती परिचित मार्गावरील खुणा दिसेनाशा झाल्यावर वाट सापडावी म्हणून.

४/
हिंदी महासागरातील नाविकांकडे तर सुईशिवायही मोठे ज्ञान होते. पंधराव्या शतकातील व्हेनिसचा प्रवासी निकोलो कोंती सांगतो की, हिंदुस्थानातील नाविक होकायंत्र वापरत नाहीत. ताऱ्यांच्या उंचीवरून ते मार्ग आणि अंतर ठरवतात. त्याचे विधान सर्वच नाविकांना लागू पडणार नाही. पण ताऱ्यांवरील भिस्त किती मोठी होती, हे त्यातून कळते. ठरावीक ऋतूत ठरावीक दिशेने वाहणारे मोसमी वारे, हा दुसरा आधार होता.

५/
‘होका’ या शब्दाचा संबंध अरबी ‘हुक्का’ या शब्दाशी जोडला जातो. हुक्का म्हणजे डबी. अरब नाविक सुईच्या डबीला याच नावाने ओळखत. समुद्रावरील अनेक वस्तूंप्रमाणे हे साधनही बंदरांतून हातोहात फिरले आणि त्याच्या नावात त्या प्रवासाची खूण राहिली.

६/
कोकणचा तांडेल किनाऱ्याच्या खुणांवर चालत असे. कोणता डोंगर कोणत्या बेटामागे आला म्हणजे खाडीचे तोंड समोर येते, खांदेरीपासून किती अंतर ठेवावे, कोणत्या भरतीला कोणता खडक बुडतो, हे सारे त्याला पाठ असे. शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून पाण्याची खोली वावांत मोजायची आणि तळाशी चिखल आहे की वाळू हे पाहायचे, ही त्याची दुसरी दृष्टी होती. पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढली जात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात उतरत.

७/
तरीही ओळखीचे पाणी सुरक्षित असतेच असे नाही. खोल समुद्रात दिशा थोडी चुकली तर काही तास वाया जातात. किनाऱ्यालगत चुकली तर जहाज जाते. गणित साधे आहे. दिशेत एका अंशाची चूक झाली, तर साठ मैलांच्या वाटचालीत जहाज सुमारे एक मैल बाजूला सरकते. पाच अंशांची चूक त्याला पाच मैल सरकवते. पहाटेच्या धुक्यात किंवा अवेळी आलेल्या पावसात एवढे अंतर खडकावर आदळायला पुरेसे असते. म्हणूनच सुई खरे सांगते की नाही, या प्रश्नावर माणसांचे प्राण अवलंबून असत.

८/
हाच प्रश्न घेऊन १५३८ मध्ये जोआंव द कास्त्रो लिस्बनहून निघाला होता. जन्म १५०० चा. गणित तो पेद्रो नुनेश या नामवंत गणितज्ञाकडे शिकला होता. नुनेशने सुचवलेले एक उपकरण त्याच्यासोबत होते. आडव्या तबकडीवर उभी काठी आणि जवळ चुंबकसुई, अशी त्याची साधी रचना होती.

९/
पद्धतही तितकीच नेटकी होती. दुपारच्या आधी सूर्य विशिष्ट उंचीवर असताना काठीच्या सावलीची दिशा टिपायची. दुपारनंतर सूर्य पुन्हा त्याच उंचीवर आला की दुसरी सावली टिपायची. दोन्हींच्या बरोबर मधली रेषा खरी उत्तर-दक्षिण दाखवते. सुई त्या रेषेपासून जितकी सरकलेली असेल तितका तेथील ‘दिक्पात’. सूर्याला साक्षीदार करून सुईची तपासणी करण्याचा हा प्रकार होता. कास्त्रोने प्रवासभर अशी निरीक्षणे घेतली.

१०/
पहिला धक्का आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बसला. ऑगस्ट १५३८ मध्ये मोझांबिक येथे निरीक्षणे जुळेनात. सुई निर्दोष होती. चूक जहाजात होती. जवळच्या तोफा, नांगर आणि इतर लोखंडी सामान सुईला आपल्याकडे खेचत होते. ज्या तोफा जहाजाचे रक्षण करत, त्याच त्याची दिशा बिघडवत होत्या. आज या परिणामाला ‘विचलन’ म्हणतात.

११/
दुसरा धक्का वसईजवळ बसला. येथे सुईचा दिक्पात थोड्याच अंतरात अनपेक्षितपणे बदललेला आढळला. पृथ्वीवर दिक्पात जागोजागी वेगळा असतो, हे तोवर माहीत होते. पण तो इतक्या जवळच्या ठिकाणी असा उडी मारत नाही. कास्त्रोने कारण ओळखले: परिसरातील खडक सुईला ओढत होते. खडकांच्या स्थानिक चुंबकीय आकर्षणाचे हे विज्ञानाच्या इतिहासातील अगदी आरंभीचे निरीक्षण मानले जाते. वसईचा किल्ला आपल्याला मे १७३९ च्या चिमाजी आप्पांच्या विजयासाठी ठाऊक आहे. त्याच्या दोनशे वर्षे आधी त्याच परिसरात ही नोंद झाली.

१२/
येथे एक प्रश्न थांबून विचारण्यासारखा आहे. हा दोष वसईलाच का सापडला, भर महासागरात का नाही? तेथे तळाचे खडक फार खोल असतात, हे उत्तर खरे आहे. पण अपुरे आहे. अनोळखी समुद्रात सुई फिरली तर ती फिरली हे कळणार कसे? तुलना करायला तेथे काहीच नसते. किनारा ओळखीचा, सूर्याची साक्ष हाताशी आणि पुन्हा पुन्हा मोजण्याची सवड असेल, तरच सुईचे खोटे पकडता येते. ओळखीच्या पाण्यात सुई नाविकाला सांभाळते, हे खरे. त्याहून मोठी गोष्ट अशी की तेथेच नाविक सुईची परीक्षा घेऊ शकतो.

१३/
आता त्या खडकांकडे वळू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे. त्यात मॅग्नेटाइटसारखी लोहयुक्त खनिजे असतात. लाव्हा थंड होताना त्या कणांनी त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा स्वतःत गोठवून घेतली. सह्याद्रीच्या माथ्यावर, विशेषतः वीज पडलेल्या कातळांजवळ, होकायंत्राची सुई आजही भलतीकडे वळू शकते. गडांवर भटकणाऱ्यांनी म्हणून होकायंत्र कातळावर टेकवून वाचू नये.

१४/
तुलना स्थळाशी होते तशी काळाशीही होते. लंडनजवळ १५८० मध्ये दिक्पात सुमारे ११ अंश पूर्वेकडे मोजला गेला होता. १६३४ मध्ये हेन्री गेलिब्रँडने मोजला तेव्हा तो सुमारे ४ अंशच उरला होता. १६३५ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला: दिक्पात काळानुसार बदलतो. म्हणजे आजोबांनी नोंदवलेली दिशा नातवाने डोळे मिटून वापरली, तर ओळखीच्या बंदरातही तो फसू शकतो. हा शोधही एकाच परिचित परिसरात पुन्हा पुन्हा मोजल्यामुळेच लागला.

१५/
महाराष्ट्रात हे काम कुलाब्याच्या वेधशाळेने केले. मुंबईत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले आणि विद्युतप्रवाहांमुळे नोंदी बिघडण्याचा धोका दिसू लागला. संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांच्या काळात, १९०४ मध्ये, अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्या बांधकामात चुंबकीय पदार्थ टाळण्यात आले. दोन्हीकडच्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी झाली. आंग्र्यांच्या गावात, समुद्रकाठी, सुईची ती पहारेदारी आजही चालू आहे.

१६/
दरम्यान जहाजेच लोखंडाची होऊ लागली आणि कास्त्रोने तोफांपाशी पाहिलेला दोष संपूर्ण जहाजभर पसरला. १८३८ मध्ये जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने ‘रेनबो’ या लोखंडी जहाजावर प्रयोग केले. चुंबक आणि लोखंडाचे तुकडे होकायंत्राभोवती योग्य जागी बसवून त्याने हा परिणाम बऱ्याच अंशी निष्प्रभ केला. उरलेली चूक शोधायला जहाज सर्व दिशांना फिरवतात, किनाऱ्यावरील ज्ञात खुणांशी सुईची दिशा ताडून पाहतात आणि फरकाचा तक्ता करतात. हे काम बंदराजवळ, ओळखीच्या पाण्यातच करणे सोयीचे असते.

१७/
वसईच्या कातळाची कथा येथे संपत नाही. १९५० च्या दशकात नोबेलविजेते पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटातील संशोधकांनी दख्खनच्या बेसाल्टमध्ये गोठलेली चुंबकीय दिशा मोजली. ती दिशा आजच्या महाराष्ट्राच्या स्थानाशी जुळत नव्हती. बेसाल्ट तयार झाला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती, असा तिचा अर्थ निघत होता. भूखंड सरकतात, या तेव्हा वादग्रस्त असलेल्या विचाराला त्यातून बळ मिळाले. नाविकाच्या लेखी जो सुईचा दोष होता, तीच भूशास्त्रज्ञाच्या लेखी कातळाची स्मृती ठरली.

१८/
कास्त्रो पुढे गोव्याचा सर्वोच्च पोर्तुगीज अधिकारी झाला आणि १५४८ मध्ये गोव्यातच वारला. सत्तेच्या इतिहासात तो दीवच्या लढाईसाठी ओळखला जातो. गोवा ते दीव या प्रवासाचे त्याचे वर्णन मात्र वेगळ्या कारणाने मोलाचे आहे. त्यात बंदरांची चित्रे आहेत, पाण्याची खोली आहे आणि सुईची निरीक्षणेही आहेत. जुळलेल्या आकड्यांइतक्याच निष्ठेने त्याने न जुळलेले आकडेही लिहून ठेवले.

१९/
आज जहाजांवर उपग्रहांकडून स्थान कळते. तरीही आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांनुसार जहाजावर विजेवर अवलंबून नसलेले चुंबकीय होकायंत्र असावेच लागते. पडदा काळा पडला, संकेत तुटले, तर उरते ती डबीतली सुई आणि तिच्या चुकांचा तक्ता. सुई एकटी पुरत नाही. तिची चूक किती आहे हे आधीच, निवांत वेळी, ओळखीच्या किनाऱ्याजवळ कोणीतरी मोजून ठेवलेले असावे लागते.