बालस्थूलता आणि दोषारोप

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ५ ते १९ वयोगटात देहभारांक (बीएमआय) त्या वयाच्या व लिंगाच्या मध्यकापेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक असल्यास स्थूलता मानतात. २०२२ मध्ये जगात या वयाची सुमारे १६ कोटी मुले स्थूल होती. भारतात पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३.४ टक्क्यांवर गेले. एवढ्या अवधीत तान्ही मुले आळशी झाली, असे कोण म्हणेल? डेन्मार्कमधील दत्तक व्यक्तींच्या १९८६ च्या अभ्यासात त्यांचा बांधा जन्मदात्यांशी जुळला, दत्तक पालकांशी नाही. जनुके मात्र पिढीभरात बदलत नाहीत. बदलले ते अन्न, जाहिराती आणि खेळायच्या जागा.

मुलाला काय खाऊ घालायचे हे पालकच ठरवतात, हा आक्षेप रास्त आहे. पण ते निवडतात ते दुकानात जे स्वस्त व हाताशी असते त्यातूनच. चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, संपृक्त मेद किंवा उष्मांक जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला, असे पदार्थ शाळांत विकायला बंदी घातली आणि मुलांना भुलवणाऱ्या जाहिराती रोखल्या. पुढे अशा शिक्क्याच्या गोड पेयांची खरेदी सुमारे चतुर्थांशाने घटली. पालक तेच होते.

टोमण्यांनी मूल सुधारते, हा समज तर घातकच आहे. ‘जाड्या’ म्हणून हिणवलेले मूल खेळाचा तास टाळते, चोरून खाते, आणि त्याचे वजन वाढण्याचाच संभव अधिक असतो. शाळांनी मुलांचे वजन वर्गासमोर मोजणे थांबवावे.