घराच्या खिडक्या (साहित्य आणि प्रकार)

खिडकी म्हणजे घरात उजेड व हवा यावी आणि बाहेरचे दिसावे यासाठी भिंतीत ठेवलेली, झडपांनी उघडबंद करता येणारी जागा. चौकट, झडपा, तावदाने, गज किंवा जाळी, बिजागऱ्या व कड्या हे तिचे मुख्य भाग होत. जुनी खिडकी बदलताना चौकटीचे साहित्य, झडप उघडण्याची पद्धत आणि काच या तीन बाबींची निवड स्वतंत्रपणे करावी लागते. महाराष्ट्रात लाकूड, लोखंड, ॲल्युमिनियम, यूपीव्हीसी (न मऊ केलेले पॉलिव्हिनाइल क्लोराइड) आणि सिमेंट काँक्रीट ही चौकटीची प्रचलित साहित्ये आहेत.

पार्श्वभूमी

मराठेशाहीतील वाड्यांना रस्त्याच्या बाजूस तळमजल्यावर मोजक्याच व लहान खिडक्या असत. संरक्षण हा त्यामागील हेतू होता. उजेड व वारा मुख्यतः आतील चौकातून मिळत असे. वरच्या मजल्यांवर सागवानी चौकटी, उभे गज आणि कोरीव महिरपी आढळतात. वाईजवळील मेणवली येथील नाना फडणवीसांचा वाडा आणि पुण्यातील विश्रामबागवाडा ही अशा लाकूडकामाची परिचित उदाहरणे आहेत. काच सुलभ होण्यापूर्वी गोव्यात खिडक्यांना घासून पातळ केलेले अर्धपारदर्शक शिंपले बसवीत.

विसाव्या शतकात पोलादी पट्ट्यांच्या काचेच्या खिडक्या सरकारी वसाहती, शाळा व चाळींत रूढ झाल्या. पुढे सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांनी आणि त्यानंतर यूपीव्हीसीने त्यांची जागा घेतली.

चौकटीचे साहित्य

लाकूड: सागवान टिकाऊ असून त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही. लाकूड उष्णतेचे मंदवाहक आहे आणि त्याची दुरुस्ती गावातील सुतारही करू शकतो. मात्र पावसाळ्यात लाकूड फुगून झडपा अडकतात व नियमित रंग किंवा तेलपाणी करावे लागते. जुन्या वाड्यातील सागवान शाबूत असल्यास चौकट ठेवून केवळ झडपा व बिजागऱ्या बदलणे अनेकदा पुरते.

लोखंड: स्वस्त, मजबूत व सडपातळ. गंज हा त्याचा मुख्य दोष असून तो बहुधा पाणी साचणाऱ्या खालच्या पट्टीपासून सुरू होतो.

ॲल्युमिनियम: वजनाने हलके, गंजरोधक व पुनर्वापरयोग्य. ते उष्णतेचे उत्तम वाहक असल्याने उन्हात चौकट तापते. पातळ पत्र्याचे भाग वाऱ्याने खडखडतात, म्हणून भागाची जाडी पाहणे आवश्यक असते. त्यावर ॲनोडायझिंग किंवा पावडर कोटिंग करतात.

यूपीव्हीसी: उष्णतारोधक असून त्याला रंग द्यावा लागत नाही, वाळवी लागत नाही. हे साहित्य स्वतः पुरेसे ताठ नसल्याने पोकळीत जस्तलेपित पोलादी पट्टी घालतात. ती वगळल्यास मोठी झडप वाकते. भारतीय उन्हासाठी त्यात टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण पुरेसे असावे लागते, अन्यथा ते पिवळे व ठिसूळ होते. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू निघतो.

काँक्रीट व दगड: ग्रामीण भागात तयार सिमेंटच्या चौकटी वापरतात. शहरांत भिंतीच्या कडांना ग्रॅनाइट किंवा कडप्पा लावून त्यात ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसविण्याची पद्धत रूढ आहे.

उष्णतावहनाचे अंदाजे मूल्य (वॉट प्रति मीटर केल्व्हिन)

ॲल्युमिनियम – २००
पोलाद – ५०
यूपीव्हीसी – ०.१७
लाकूड – ०.१५

भारतीय मानक ब्यूरोची आयएस १००३ (लाकडी झडपा), आयएस १०३८ (पोलादी खिडक्या) व आयएस १९४८ (ॲल्युमिनियम खिडक्या) ही मानके या क्षेत्राशी संबंधित आहेत.

उघडण्याचे प्रकार

बिजागरीची खिडकी जवळजवळ पूर्ण, म्हणजे सुमारे ९० टक्के उघडते. दोन रुळांच्या (टू ट्रॅक) सरकत्या खिडकीत एका वेळी निम्मीच जागा मोकळी होते. तीन काचझडपा असल्यास सुमारे ६७ टक्के. बाजारातील ‘थ्री ट्रॅक’ खिडकीत तिसरा रूळ बहुधा डासांच्या जाळीसाठी असतो; अशा वेळी उघडी जागा निम्मीच राहते.

हा फरक मोठा आहे. १.२ मीटर लांबी-रुंदीच्या खिडकीचे क्षेत्र १.४४ चौरस मीटर होते. ती बिजागरीची असल्यास सुमारे १.३० आणि दोन रुळांची असल्यास ०.७२ चौरस मीटर जागा वाऱ्याला मिळते. खोली १२ चौरस मीटरची धरल्यास ही प्रमाणे अनुक्रमे सुमारे ११ व ६ टक्के येतात. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उघडणाऱ्या जागेचे प्रमाण उष्ण-कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्राच्या किमान एक दशांश व उष्ण-दमट हवामानात एक षष्ठांश असावे. म्हणजे त्याच मापाची लाकडी खिडकी काढून सरकती बसविल्यास खोली या किमान मर्यादेखाली जाऊ शकते. सरकत्या खिडकीचा फायदा असा की तिची झडप बाहेर येत नाही. अरुंद सज्जा किंवा जिन्यालगत ती सोयीची ठरते.

काच

साधी काच फुटल्यास धारदार तुकडे होतात. कठीण केलेल्या (टफन्ड) काचेचे बोथट कण होतात, तर दोन काचांमध्ये पातळ पटल असलेली (लॅमिनेटेड) काच फुटूनही जागेवर राहते. सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ हे मानक आहे. दुहेरी काचेमुळे उष्णतेचे वहन एकेरी काचेच्या निम्म्याच्या आसपास येते. परंतु दिवसभर खिडक्या उघड्या राहणाऱ्या घरात तिचा लाभ अल्प असतो. तेथे छज्जा, पडवी किंवा बाहेरची झाडे अधिक उपयोगी पडतात, कारण ऊन काचेवर पडण्यापूर्वीच अडते.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या ‘इको निवास संहिता २०१८’ मध्ये नव्या निवासी इमारतींसाठी उघडणाऱ्या खिडक्यांचे प्रमाण व बाह्य भिंतींतून येणारी उष्णता यांच्या मर्यादा दिल्या आहेत.

शिरवळ परिसर

शिरवळ हे सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात नीरा नदीकाठी, पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्गावर वसलेले गाव आहे. जुन्या गावठाणातील जाड भिंतींची घरे आणि औद्योगिक वाढीबरोबर उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या इमारती यांच्या गरजा भिन्न ठरतात. महामार्गालगतच्या घरात धूळ व वाहनांचा आवाज हा प्रमुख प्रश्न असतो. तेथे रबरी पट्टीवर घट्ट मिटणारी बिजागरीची खिडकी ब्रशपट्टीच्या सरकत्या खिडकीपेक्षा सरस ठरते. मात्र आवाज टाळण्यासाठी खिडकी सतत बंद ठेवल्यास वायुवीजनासाठी विरुद्ध बाजूची खिडकी आवश्यक होते. पश्चिमेकडील खिडकीला दुपारचे ऊन व नैर्ऋत्य मोसमी पावसाचा मारा दोन्ही सोसावे लागतात. तेथे खोल छज्जा महत्त्वाचा असतो.

बदलताना घ्यावयाची काळजी

भारवाही भिंतीत खिडकी रुंद करण्यासाठी तुळई कापू नये, तसेच ती भिंतीच्या कोपऱ्याजवळ सरकवू नये. अशा फेरफारांनी भिंत कमकुवत होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या सातारा जिल्ह्यात ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

खिडकीच्या तळाला बाहेरच्या बाजूस उतार आणि रुळात पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे असावीत. चौकट व भिंत यांतील फट केवळ सिमेंटने न भरता लवचीक सीलंटने बंद करतात.

जुन्या खिडकीचा रंग कोरडा खरवडू नये, कारण त्यात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगांची धूळ लहान मुलांना विशेष अपायकारक ठरू शकते. पृष्ठभाग ओला करून घासणे व मुलांना दूर ठेवणे हा उपाय आहे.

लोखंडी जाळीमुळे चोरी व मुले पडण्याचा धोका टळतो, परंतु कायमची जडवलेली जाळी आगीच्या वेळी सुटकेचा मार्ग बंद करते. म्हणून प्रत्येक शयनगृहातील किमान एका जाळीला आतून उघडणारे दार ठेवणे हितावह असते. त्याची किल्ली घरातील सर्वांना ठाऊक असलेल्या पण लहान मुलांचा हात न पोहोचणाऱ्या ठिकाणी ठेवावी.

हेही पहा

वाडा
सागवान
वायुवीजन
शिरवळ