मृग, हस्त आणि फुलकोबी

रामदासपेठेला लागूनच महाराजबाग आहे. एके काळी ही नागपूरकर भोसल्यांची बाग. पुढे इंग्रजी अमलात, १९०६ साली, या परिसरात कृषिमहाविद्यालय निघाले. माळ्याचे पंचांग आणि विद्यार्थ्याचा उष्णतामापक अशी दोन घड्याळे इथे शेजारी शेजारी नांदली. त्यांतले खरे कोणते, हा प्रश्न नुसत्या पांडित्याचा नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो आणि डिसेंबरातल्या एखाद्या रात्री १० च्याही खाली उतरतो. पंधरवडा चुकला की माळ्याचा अख्खा वाफा वाया जातो.

पंचांगाच्या बाजूने पहिली गोष्ट सांगितली पाहिजे ती ही की, आपल्या पूर्वजांनी सण चंद्रावर सोपवले, पण पेरणी सूर्यावर! दिवाळीचेच पाहा ना. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. ‘दिवाळी झाली की वाटाणा पेरू’ म्हणणारा माणूस तीन आठवड्यांनी मागेपुढे होणार. नक्षत्रे मात्र सूर्याची. मृग ७-८ जूनला लागतो, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास, स्वाती २४ ऑक्टोबरच्या. रोहिणीत सावलीखाली वांगी-मिरचीचे रोप टाकावे, मृगाचा पाऊस स्थिरावला की भेंडी, चवळी, दोडके लावावेत, हस्ताच्या आसपास टोमॅटो-कोबीची रोपे तयार करावीत, स्वाती उलटल्यावर मेथी, पालक, सांभार आणि वाटाणा. मग जानेवारीअखेर उन्हाळ्यासाठी काकडी नि ढेमसे. वर्षाची ही सारी वाटणी तारखा न छापताही तोंडी टिकली.

पण या घड्याळातही एक बारीक खोट आहे. नक्षत्रांचे वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे. वीस मिनिटे ती काय, असे वाटेल. पण सुमारे ७१ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. आज ८ जूनला लागणारा मृग रघूजी भोसल्यांच्या काळी सुमारे चार दिवस आधी लागे, आणि सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या काळी तर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात! म्हणजे ‘मृगात पेरावे’ हा नियम कोणा ऋषीने एकदा सांगून ठेवलेला नव्हे. पिढ्यापिढ्यांनी पाऊस पाहून तो जुळवून घेतलेला असला पाहिजे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीने हीच खोट काढण्यासाठी ऋतूंना बांधलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सुचवली. २२ मार्च १९५७ पासून ती लागूही झाली. शेतकरी मात्र मृगालाच चिकटून राहिला.

आता दुसरी बाजू. घड्याळ बदलत नसेल तर झाड बदलते! फुलकोबी हे थंड मुलखातले पीक. १८२२ साली तिचे बी इंग्लंडातून सहारनपूरच्या कंपनीबागेत आले असे सांगतात. उकाड्यात तिचा गड्डा धरेना. पण ज्या रोपांनी उन्हातही गड्डा धरला त्यांचेच बी माळी राखत गेले, आणि उष्णता सोसणारी एक देशी फुलकोबीच तयार झाली. उत्तरेत तिच्या जातींना नावेही महिन्यांची मिळाली: कुंवारी म्हणजे आश्विनातली, काटकी कार्तिकातली, अगहनी मार्गशीर्षातली, पूसी पौषातली, माघी माघातली. जातीचे नाव हेच तिचे पंचांग! ते न पाहता लवकरची जात उशिरा लावली, तर बटणाएवढे गड्डे येतात. उशिराची लवकर लावली, तर नुसताच पाला माजतो.

मग खरे घड्याळ कोणते? मला वाटते, एकटे कोणतेच नाही. नक्षत्र सूर्याची जागा सांगते, पारा हवेची, आणि बी स्वतःच्या स्वभावाची. शहाणा माळी तिघांचीही साक्ष काढतो. टोमॅटोला रात्र गार लागते. ती गार झाली नाही तर फुले गळतात, मग आकाशात कोणते का नक्षत्र असेना. हवामान बदलत असताना तर ही साक्ष अधिकच जपून घ्यावी लागेल. पूर्वजांकडून उचलायची ती तारीख नव्हे. आभाळ पाहून तारीख जुळवून घेण्याची त्यांची सवय उचलावी. यंदाच्या फराळाशेजारी हिरव्या सांभाराची वडी आली, तर तिच्यामागे हे एवढे गणित उभे आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे!