‘अमरज्योती’: एका साहसपटाचे कसब आणि संगीत

कोल्हापुरास १९२९ साली स्थापन झालेल्या आणि १९३३ मध्ये पुण्यास येऊन स्थिरावलेल्या ‘प्रभात फिल्म कंपनी’च्या लौकिकाचा विचार करताना संतपटांचा उल्लेख अगत्याने होतो, परंतु व्ही. शांताराम यांनी १९३६ साली दिग्दर्शित केलेल्या ‘अमरज्योती’ या हिंदी साहसपटाकडे, व्हेनिसच्या महोत्सवात दाखविला जाण्याचा मान मिळूनही, आपल्या टीकाकारांचे लक्ष क्वचितच जाते. अपत्याचा ताबा राजसत्तेने नाकारल्यामुळे सूडास प्रवृत्त झालेली सौदामिनी चाचेगिरी पत्करते, हे त्याचे कथाबीज. दुर्गाबाई खोटे यांच्या करारी मुद्रेने आणि चंद्रमोहन यांच्या भेदक नेत्रांनी त्यास असे तेज चढले, की निव्वळ तलवारबाजीच्या ओढीने आलेल्या प्रेक्षकासही त्यातील न्यायाचा प्रश्न टाळता येऊ नये.

या चित्रपटाचे कसब मात्र परक्या मुलखातून आलेले नसून नाटक मंडळ्यांच्या दप्तरातले आहे. कलाविभाग ज्यांच्या अखत्यारीत होता ते फत्तेलाल हे आनंदराव व बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली तयार झालेले. आणि त्या दोघांनी नाव कमावले ते नाटकांचे पडदे रंगवून. सपाट कापडावर राजवाड्याचा आभास उभा करणाऱ्या त्या परंपरेस, समुद्रापासून दूर असलेल्या पुण्यात दर्यावर्दी लोकांची दुनिया निर्माण करणे दुष्कर का वाटावे?

संगीताची गोष्ट अधिक नाजूक होती. चित्रपटाचे संगीतकार मास्टर कृष्णराव हे भास्करबुवा बखले यांचे शिष्य, गंधर्व नाटक मंडळीत मुरलेले, आणि ‘धर्मात्मा’पासून ‘प्रभात’मध्ये रुजू झालेले. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’च्या हुकमाबरोबर पद हवे तेवढे लांबवता येई, बोलपटात मात्र कथेचा ओघ गाण्याची मुदत ठरवून देई. लयीच्या चमत्कृतीत रमणाऱ्या या गवयाने तो संकोच निमूटपणे सोसला, एवढेच नव्हे तर त्यातून आटोपशीर, सहज गुणगुणता येण्याजोग्या चालींची एक नवी घडण सिद्ध केली. पार्श्वगायनाची प्रथा त्या वेळी रुळलेली नव्हती. राजकन्या नंदिनी झालेल्या शांता आपटे स्वतःच गात, आणि त्यांच्या मोकळ्या, तडफदार गळ्यामुळे गाणे प्रसंगापासून तुटून पडत नसे. (दरबारी वेशातली बोजड भाषणे मात्र आज कानास खटकतात, हे कबूल केलेच पाहिजे.)

पुढच्याच वर्षी शांतारामांनी ‘कुंकू’त पार्श्वसंगीत वर्ज्य करून वाहवा मिळविली, आणि ती यथार्थच होती, परंतु त्या संयमाच्या कौतुकात कृष्णरावांच्या या कामगिरीची नोंदही राहू नये, हा आमच्या मते उघड अन्याय आहे.