तेल दिसतं तिथून आलेलं नसतं

मोटरसायकलखाली तेलाचा थेंब दिसला की आपण जवळचं सील बदलायला निघतो. शाफ्टवाल्या जुन्या बीएमडब्ल्यूत हे चालत नाही. का, ते कळायला थोडा इतिहास बघावा लागतो.

१९१९ च्या व्हर्साय तहानंतर जर्मनीत विमानांची इंजिनं बनवण्यावर बंदी आली. विमानांची इंजिनं काढणारा माक्स फ्रिट्झ मोटरसायकलकडे वळला आणि १९२३ साली आर ३२ आली. ४९४ सीसी, आडवे दोन सिलिंडर, क्रँकशाफ्ट गाडीच्या लांबीत. मग मागे सरळ शाफ्ट नेणं ओघानेच आलं. (कल्पना नवी नव्हती, बेल्जियमच्या एफएनने शाफ्ट आधीच वापरला होता.) चेनची कटकट गेली, पण मागच्या चाकाशी बेव्हल गिअर आले आणि त्यांना तेलात ठेवणं भाग पडलं.

पुढे १९५५ च्या मॉडेलांत शाफ्ट स्विंगआर्मच्या नळीत बंद झाला. १९६९ च्या आर ७५/५ मध्ये तर तेलाची तीन घरं शेजारी शेजारी आहेत: गिअरबॉक्स, शाफ्टची नळी (साधारण १०० सीसी) आणि मागचा ड्राइव्ह (साधारण २५० सीसी). घरांमधल्या भिंती म्हणजे फक्त रबरी सील!

म्हणून मी आधी तिन्ही पातळ्या बघतो, गाडी थंड आणि सरळ उभी करून. नळीत तेल जास्त आणि गिअरबॉक्समध्ये कमी, तर गिअरबॉक्सचं मागचं सील गेलं. नळीत जास्त आणि ड्राइव्हमध्ये कमी, तर पिनियनचं. ड्राइव्हमध्ये कमी आणि ब्रेकचा ड्रम ओला, तर चाकाच्या बाजूचं मोठं सील. पण त्याआधी ड्राइव्हचं हवेचं भोक बघायचं. ते बुजलं असेल तर गरम हवेच्या दाबाने चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येतं. नवं सील घातलं तरी तेच होणार.

तरीही कळलं नाही तर सगळं स्वच्छ पुसून टाल्कम पावडर भुरभुरवायची, थोडं फिरून यायचं. ओली रेघ कुठे सुरू होते ते दिसतं. वारा तेलाला मागे ढकलतो, त्यामुळे सर्वात ओली जागा बहुतेक वेळा निर्दोष असते.

ड्रमचं मात्र थट्टेवारी नेऊ नका. ब्रेक शू त्या ड्राइव्हच्या घरावरच बसवलेले असतात. तेल त्यांना लागलं की मागचा ब्रेक गेलाच म्हणायचा. तेवढं ओलं दिसलं तर गाडी घरीच ठेवा.